चाकाला ओढ पाहिजे

गेल्या आठवड्यात आमच्या घरी गाडी आली. पूर्ण नाही, नुसतं स्टेअरिंग आलं. इंजिन, टायर, विमा, पीयूसी, पार्किंगवरून शेजाऱ्याशी भांडण, ह्यांतलं काहीच नसलेली ही गाडी सध्या जेवणाच्या टेबलाला क्लॅम्प आवळून बसवलेली आहे. आम्ही आठ दिवस ताटं मांडीवर घेऊन जेवतो आहोत. चुकून टेबलापाशी बसलंच, आणि पाय लांबवला, की ब्रेक लागतो.

आमचं वरसे म्हणजे रोह्याला खेटून असलेलं गाव. रोहा म्हणजे जिथे मध्य रेल्वे हात झटकते आणि कोकण रेल्वे हात पुढे करते ती जागा. बाहेरची मंडळी इकडे येतात ती कोलाडला, कुंडलिकेत राफ्टिंग करायला. सकाळी वरून पाणी सोडतात, मंडळी हेल्मेट घालून रबरी होडीत बसतात, दणके खातात, किंचाळतात आणि वर पैसे मोजतात. दणके खायचे वेगळे पैसे असतात हे आम्हा स्थानिकांना तेव्हा कळलं. आम्ही ते एसटीच्या तिकिटातच धरत आलो होतो.

अशा गावात पोराने गाडी चालवल्याचा भास विकत मागावा, ही गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

*

चिरंजीवांची बारावी झाली, सीईटी झाली, प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या. मग त्यांनी आम्हालाही फेऱ्यांत घेतलं.

पहिल्या फेरीत नुसती मागणी: रेसिंगच्या गेमसाठी स्टेअरिंग व्हील. साधंच. बजेटमधलं.

दुसऱ्या फेरीत इतिहास. ग्रॅन टुरिस्मो नावाचा गेम आहे, १९९७ पासूनचा. त्याच्या खेळाडूंतून निस्सान कंपनीने २००८ पासून खरे रेसर निवडायला सुरुवात केली. जॅन मार्डनबरो नावाचा ब्रिटिश पोरगा २०११ साली त्यात जिंकला, २०१३ मध्ये फ्रान्सात ल मान्सची चोवीस तासांची शर्यत पळाला, आणि २०२३ मध्ये त्याच्यावर सिनेमा निघाला. ही सगळी सालं पोराला तोंडपाठ. बारावीच्या केमिस्ट्रीत मेंडेलीव्हचं एक साल विचारलं होतं, ते ह्याने रिकामं सोडलं होतं.

तिसऱ्या फेरीत थेट सरकार. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांना सिम्युलेटर ठेवणं सक्तीचं आहे. हलक्या वाहनाचं शिक्षण चार आठवड्यांत २९ तासांचं. तिथून पास झालेल्याला आरटीओची चाचणी माफ. "सरकार मानतं, बाबा. तुम्हीच मानत नाही."

मी म्हटलं, "तिथे महिन्याला २९ तास असतात. तुझे आठवड्याला होतात."

"म्हणजे माझी तयारी चौपट आहे ना!"

ह्या पोराला इंजिनीअरिंग नको, वकिली द्या, असं त्याची आजी म्हणते ते उगाच नाही.

*

मग आकड्यावर आलो. मी म्हटलं, आठ हजार. त्याने विचारलं, आठच का? मी म्हटलं, हा आकडा माझा नाही, कोकण रेल्वेचा आहे.

कोलाडहून १९९९ सालापासून मालाचे ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून गोव्यात वेर्ण्यापर्यंत नेतात. ट्रक घाटात धापा टाकण्याऐवजी रेल्वेच्या पाठीवर बसून जातो. २०२५ च्या गणपतीत ही सोय मोटारींनाही मिळाली. एका खेपेला चाळीस गाड्या, गाडीमागे ७,८७५ रुपये, माणसांचं तिकीट वेगळं. म्हणजे ज्याच्याकडे गाडी आहे तो माणूस ती चालवायला लागू नये म्हणून ७,८७५ रुपये देऊ शकतो. तर ज्याच्याकडे गाडी नाही त्याला ती चालवल्यासारखं वाटावं म्हणून तेवढेच पुरायला हवेत. वरचे सव्वाशे रुपये चहापाण्याला.

आता लोक आपली गाडी रेल्वेत का चढवतात हे मुंबई-गोवा महामार्गावरून एकदा तरी गेलेल्या माणसाला सांगायला नको. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा चौपदरी करायचं काम २०११ साली सुरू झालं. तेव्हा आमचे चिरंजीव बालवाडीत होते. बालवाडी, प्राथमिक, माध्यमिक, उच्च माध्यमिक असे चारही पदर त्यांनी पूर्ण केले. त्यांत गणिताला एकदा एटीकेटी लागली, पण पूर्ण केले.

*

आठ हजारांत काय येतं ते बघायला पोराने मित्राकडचं चाक दोन दिवसांसाठी उचलून आणलं. आकाराने वरणभाताच्या ताटापेक्षा जरा लहान, खाली दोन प्लास्टिकचे पेडल, हाताशी बोटभर गिअर. फिरतं किती? १८० अंश. म्हणजे डावीकडे पाव, उजवीकडे पाव. एवढं तर आमच्या पंख्याचं रेग्युलेटर फिरतं.

आणखी एक गंमत. हे चाक मित्र प्लेस्टेशनला जोडतो तेव्हा त्याच्या मागे एक वायर लागते, आणि त्या वायरीला घरचा मूळ कंट्रोलर जोडावा लागतो. कारण असल्या स्वस्त चाकाला यंत्र ओळखत नाही. मूळ कंपनीचा कंट्रोलर शेजारी उभा राहून "हा माझा माणूस आहे" म्हणाला की मग दार उघडतं. हा प्रकार मी लगेच ओळखला. पतपेढीत ह्याला जामीनदार म्हणतात. त्यातही प्लेस्टेशन ५ चे नवे गेम बहुतेक वेळा जामीन घेऊनही उघडत नाहीत, जुन्यांवरच भागवायचं. पतपेढीतही तसंच असतं.

चाकाची परीक्षा घ्यायला आमच्याकडे तज्ज्ञ होते. शेजारचे ड्रायव्हरकाका. मूळचे सातारा भागातले, एसटीत लागले, रोहा आगारात आले, आणि पाऊस बघून परत जायचं म्हणता म्हणता इथेच निवृत्त झाले. ताम्हिणी, कशेडी, सुकेळीची खिंड हे सगळं त्यांनी त्या काळात केलंय जेव्हा लाल गाडीला पॉवर स्टेअरिंग नव्हतं. ते चाक टोपल्याएवढं मोठं का असायचं, तर लांब दांड्याने जड दगड हलतो म्हणून. काकांचे खांदे अजून त्या चाकाच्या मापाचे आहेत.

काका खुर्चीत बसले. आधी नसलेला आरसा नीट केला. मग चाक एका हाताने पूर्ण डावीकडे नेलं आणि सोडलं. चाक फाटकन मध्ये आलं. पुन्हा नेलं, सोडलं. पुन्हा फाटकन. पोराने गेम सुरू केला, गाडी भिंतीवर घातली. चाक थरथरलं. मातीत घातली, थरथरलं. दुसऱ्या गाडीला धडकवली, थरथरलं.

काका म्हणाले, "आरं पोरा, ह्ये भिंतीलाबी त्येच बोलतंय आन् मातीलाबी त्येच बोलतंय. आन् सोडलं की येतंय माघारी, पर चड्डीच्या इलॅस्टिकवानी. ह्येला ओढ न्हाय."

खरेदीचा निकष मला तिथे सापडला. ज्या गोष्टीवर इंग्रजी व्हिडिओवाले वीस-वीस मिनिटं बोलतात ती काकांनी एका शब्दात सांगितली.

*

ओढ म्हणजे काय? खऱ्या गाडीत वळण संपलं की स्टेअरिंग आपोआप सरळ यायला बघतं. त्याला कुणी स्प्रिंग लावलेली नसते. पुढच्या चाकांचा तिरपा कणा आणि टायरची रस्त्यावरची पकड, दोन्ही मिळून ते ओढतात. वेग वाढला, वळण आवळलं की ओढ वाढते. आणि टायर घसरायला लागलं की ती अचानक ढिली पडते. गाडी आडवी होण्याच्या क्षणभर आधी हात हलके होतात. डोळ्यांना ते नंतर दिसतं, हातांना आधी कळतं. काकांच्या भाषेत, "रस्ता हातात बोलतो."

महागड्या चाकात मोटर असते ती हे बोलणं हातापर्यंत आणण्यासाठी. फोर्स फीडबॅक म्हणतात तो हाच. गेम क्षणाक्षणाला हिशेब करून मोटरला सांगतो, आता इतकं ओढ, आता सोड, आता उलटं खेच. स्वस्त चाकात मोबाइलसारखी थरथर करणारी एक इवलीशी मोटर असते आणि मध्यावर आणायला स्प्रिंग नाहीतर रबरी दोरी. खोक्यावर मात्र "व्हायब्रेशन फीडबॅक" असं ठळक छापलेलं असतं. फीडबॅक हा शब्द वाचून माणूस हुरळतो, व्हायब्रेशनकडे लक्ष जात नाही.

मला हा अनुभव ओळखीचा होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाइप टाकायला चर खणला. पाइप टाकला, चर मातीने भरला, पहिल्या पावसात माती गेली, चर राहिला. मी एका कार्यालयाकडे ऑनलाइन तक्रार टाकली. फोन थरथरला: आपली तक्रार प्राप्त झाली आहे. चार दिवसांनी थरथरला: आपली तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे. दहा दिवसांनी थरथरला: आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे, कृपया अभिप्राय नोंदवा. चर होता तिथेच. मी पाच तारे दिले. एका ताऱ्याला एक वीत ह्या हिशेबाने.

भिंतीलाही तेच, मातीलाही तेच. ओढ न्हाय.

*

मग खऱ्या ओढीचा बाजारभाव काढला. ऑनलाइन दर सणावाराप्रमाणे हलतात, पण पायऱ्या साधारण अशा आहेत.

पाच ते दहा हजार: थरथर. बोट हलवायला ठीक. लहान भावंडांना, पाहुण्यांच्या पोरांना, आणि आपल्याला ह्यात खरंच रस आहे का हे ठरवायला. ज्याचा छंद महिन्यात मावळणार आहे त्याने इथेच थांबावं. फसवणूक होते ती फक्त इथे थांबूनही पुढच्या पायरीची अपेक्षा केली तर.

वीस ते तीस हजारांच्या आसपास: पहिली खरी ओढ. लॉजिटेकचं जी-२९ इथे मुक्कामाला आहे २०१५ पासून. आतली यंत्रणा त्याहून जुनी, २०१० च्या जी-२७ च्याच वळणाची. दोन मोटरी आणि तिरक्या दात्यांचे गिअर, त्यामुळे हाताला किंचित खरखर लागते. पण जुनं सामान म्हणून हसू नये. आपल्याकडे जी गोष्ट पंधरा वर्षं चालते तिचे पार्ट मिळतात, तिचा मेकॅनिक मिळतो, आणि तिला गिऱ्हाईकही मिळतं. थ्रस्टमास्टरचं टी-१२८ ह्याच पायरीवर, गिअर आणि पट्टा अशी जोडयंत्रणा. त्याच्या पेडलला चुंबकी सेन्सर आहेत. ह्या शेवटच्या गोष्टीकडे कोकणातल्या माणसाने जरा जास्त लक्ष द्यावं, कारण साध्या पेडलमध्ये घासणारा पोटेन्शिओमीटर असतो, रेडिओच्या आवाजाच्या बटणात असायचा तो. त्यात धूळ आणि दमट हवा शिरली की जुना रेडिओ जसा खरखरायचा तसा ब्रेक खरखरतो. आपण पाय ठेवलेला नसतो आणि गाडी मध्येच कचकन थांबते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीला घाम येतो, तिथे ब्रेकचं काय!

चाळीस-पन्नास हजार आणि पुढे: डायरेक्ट ड्राइव्ह. गिअर नाही, पट्टा नाही, मोटरच्या दांड्यावरच चाक. फॅनाटेकने २०२१ मध्ये पाच न्यूटन-मीटर ताकदीचं सीएसएल डीडी काढलं, पुढे मोझाने ३.९ चं आर-३ आणलं, आणि एरवी लाखाच्या घरात असलेली ही जात मध्यमवर्गाच्या नजरेच्या टप्प्यात आली. खिशाच्या टप्प्यात यायची आहे. "बाबा, दोन वर्षांत येईल," पोरगा म्हणाला. मी म्हटलं, दोन वर्षांत होणाऱ्या कामांबद्दल ह्या भागात बोलू नये.

जाता जाता अंशांचं. १८० किंवा २७० अंश फिरणारं चाक धावपळीच्या गेमला चालतं. खरी मोटार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच-तीन वेढे घेते, म्हणजे साधारण ९०० अंश किंवा थोडे जास्त. जी-२९ आणि टी-१२८ ९०० फिरतात. बस, ट्रक चालवायचा तर ९०० च्या खाली जाऊ नये. नाहीतर शिंक आली तरी गाडी दुसऱ्या लेनमध्ये.

आणि ज्याच्या घरात जे यंत्र आहे त्याचंच चाक घ्यावं. जी-२९ प्लेस्टेशन आणि संगणकाचं. एक्सबॉक्सवाल्यांचं त्याच घरातलं भावंड जी-९२० वेगळं. दिसायला सख्खे, पण एकमेकांच्या घरी पाणी पीत नाहीत.

*

आठ हजारांचं बजेट आणि वीस हजारांच्या पुढची ओढ. सरकारी कामात अशा वेळी सुधारित प्रशासकीय मान्यता घेतात, लाडाने तिला सुप्रमा म्हणतात. आमच्या घरात सुप्रमा द्यायचे अधिकार सौभाग्यवतींकडे आहेत. त्यांनी फाइल दोन दिवस दाबून ठेवली, मग शेरा मारला: "नवं नाही. वापरलेलं बघा. आणि सतराच्या वर एक रुपया नाही."

हा ह्या सबंध प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय होता आणि तो एकही व्हिडिओ न बघता झाला. रेसिंगचं चाक ही व्यायामाच्या सायकलीच्या जातीची वस्तू आहे. ती लोक उत्साहाने घेतात, चार महिने वापरतात, मग तिच्यावर टॉवेल वाळत घालतात आणि शेवटी विकतात. त्यामुळे कमी वापरलेला माल बाजारात भरपूर.

पनवेलला एक कॉलेजचा मुलगा होस्टेलला निघाला होता, त्याचं जी-२९ होतं. आम्ही बापलेक मेमूने गेलो. पोरगा गावाकडे बैल बघायला गेल्यासारखा गंभीर होता. दात बघायचे तसं त्याने आधी चाक हलकं हलवून गिअरमधला प्ले बघितला. मग संगणकाला जोडून दहा वेळा झपाझप डावी-उजवी टोकं गाठली आणि सरळ धरलं. असल्या चाकात मोटरच्या दांड्यावर कोन मोजणारी एक बारकी चकती असते. तिला चीर गेली की चाक सरळ असताना गाडी तिरकी जाते. मध्य सरकला की सौदा मोडायचा. सरकला नाही. मग पेडल अगदी हळू दाबून पडद्यावरची पट्टी बघितली. पट्टी सलग चढली, मध्ये उड्या मारल्या नाहीत, म्हणजे ब्रेक खरखरत नाही. अडॅप्टर मूळचा आहे का ते बघितलं. आणि मग, ज्यासाठी मला नेलं होतं ते काम मी केलं. सतरा हजारांची घासाघीस साडेसोळावर आणली.

येताना डब्यात पोराने चाक मांडीवर घेतलं होतं. खोकं नव्हतं. नागोठण्याला चढलेले एक आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "गाडी कुठे आहे?"

मी म्हटलं, "महामार्गावर. स्टेअरिंग तेवढं वाचवता आलं."

आजोबांनी मान डोलावली. त्यांना ह्यात काही नवल वाटलं नाही.

*

चाक घरी आल्यावर कळतं की बजेटमध्ये टेबल धरलेलं नव्हतं. क्लॅम्प टेबलाला बसतो, पण खरी ओढ लागली की चाकाबरोबर टेबलही वळतं. पत्र्याचं घडीचं टेबल तर नाचतं. म्हणून जेवणाचं सागवानी जप्त झालं.

पेडलचं दुखणं निराळं. ह्या चाकाच्या ब्रेकखाली रबराचा ठोकळा असतो. सुरुवातीला पाय सहज जातो, मग ठोकळा लागतो आणि जोर लावावा लागतो. खऱ्या ब्रेकसारखं वाटावं म्हणून ते केलंय, आणि चांगलं केलंय. पण जोर लावला की गुळगुळीत फरशीवर पेडल पुढे सरकतात आणि चाकाची खुर्ची मागे जाते. त्या क्षणी माणूस ब्रेक लावत नसतो, सूर्यनमस्कार घालत असतो. उपाय दोन, दोन्ही फुकट. पेडल आणि भिंतीच्या मध्ये जेवायला बसायचा पाट आडवा टाकायचा. आता जेवण मांडीवरच आहे, पाटाला दुसरं काम नाही. आणि खुर्चीची पाचही चाकं जुन्या चपलांत बसवायची. आमची खुर्ची सध्या अडीच जोड घालून उभी आहे. सौभाग्यवतींनी एवढंच विचारलं की सहाव्या चपलेचं काय करायचं.

आईचं तिसरंच. हे चाक वीज जोडून संगणक सुरू केला की स्वतःचा मध्य शोधायला आपलं आपण गरागरा फिरतं. एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे, मग मध्यावर येऊन गप्प. संध्याकाळी लाइट गेले होते, आले, पोराने बटण दाबलं आणि तो आत गेला. आई देवापाशी दिवा लावून वळली तर टेबलावर चाक अंगात आल्यासारखं घुमतंय. तिने घाबरून आरडाओरडा वगैरे काही केला नाही. शांतपणे त्याला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "नवं वाहन आहे, पूजा राहिलीच होती."

*

रविवारी काकांना बोलावलं. पोराने युरो ट्रक सिम्युलेटर २ लावला, रस्ता जर्मनीतला निवडला. चेक लोकांनी २०१२ साली काढलेला हा गेम, आहे ट्रकचा, पण आपल्या पोरांनी त्यात लालपरी घुसवलेली आहे. कुठला तरी हौशी पोरगा रात्री जागून एसटीचा लाल रंग, पिवळट पट्टा, पुढची पाटी असं सगळं हुबेहूब करतो आणि फुकट वाटतो. इंडोनेशियातल्या बसचा मोबाइल गेम आहे, त्यातही नारळाच्या झाडांखालून आपली एसटी जाताना दिसते. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी निघाली तेव्हा ती एक दिवस जर्मनीत पोचेल असं कुणाला वाटलं नसेल. महामंडळाला तर अजूनही ठाऊक नसावं.

काका बसले. चपला घातलेल्या खुर्चीकडे बघून काही बोलले नाहीत. हात चाकावर ठेवले, आणि बसूनच राहिले.

"काका, सोडा ना गाडी," पोरगा म्हणाला.

"सोडू कशी? डबल बेल कुठं झालीय?"

पोराने सगळी बटणं शोधली. हॉर्न होता, दिवे होते, वायपर होते, डबल बेल नव्हती. काका हलेनात. पस्तीस वर्षांत त्यांनी बेल पडल्याशिवाय गाडी सोडलेली नाही, ते जर्मनीत सोडणार होते होय! शेवटी सौभाग्यवती स्वयंपाकघरातून स्टीलचं ताट आणि चमचा घेऊन आल्या. टण टण. काकांनी क्लच दाबला, पहिला टाकला, आणि लालपरी जर्मनीच्या रस्त्याला लागली.

पहिल्या वळणावर त्यांचा चेहरा बदलला. चाक ओढत होतं. त्यांनी हात जरा सैल सोडला, चाक आपल्या चालीने सरळ आलं, इलॅस्टिकसारखं नाही. त्यांनी मान हलवली. "हां. आता बोलतंय." साडेसोळा हजारांना मिळालेलं ते प्रमाणपत्र मी मनात फ्रेम करून टांगलं.

वीस मिनिटं काका जर्मनीत होते. ना खड्डा, ना गतिरोधक, ना मध्येच बसलेली गाय. रस्ता काचेसारखा. हळूहळू त्यांच्या खांद्यांतला ताण गेला, मग उत्साह गेला, मग त्यांनी जांभई दिली. बाजूला गाडी लावून हँडब्रेक ओढला.

"काय झालं काका?"

"पोरा, चाक झ्याक हाय. पर रस्ता मुका हाय. हाताला कायतरी लागाय नको? येक पट्टा उखडलेला, येक खड्डा, सुकेळीचा उतार. ह्या रस्त्याला कशाला पाह्यजे एवढं भारी स्टेअरिंग?"

मुद्दा बिनतोड होता. ओढीला साडेसोळा हजार मोजले होते आणि जर्मनांनी ओढण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं. पोरगा म्हणाला, थांबा, त्याचाही उपाय आहे. खराब रस्त्यांचे मॉड मिळतात, भारतीय रस्ते म्हणून. खड्डे, खचलेल्या बाजू, अर्धवट पूल, सगळं. फुकट आहे, फक्त डाउनलोड करावं लागेल.

आम्ही सगळे पडद्याकडे बघत बसलो. काका, सौभाग्यवती ताट-चमच्यासह, आई, पोरगा आणि मी. रायगड जिल्ह्यातलं एक कुटुंब खड्डे उतरवून घेत होतं. निळी पट्टी सरकत सरकत चाळीस टक्क्यांवर आली आणि थांबली. नेट गेलं. अर्ध्या तासाने आलं, एकेचाळीस झाले, परत गेलं.

काका उठले, चपला शोधायला लागले, त्या खुर्चीला होत्या. "राहू द्या," म्हणाले, "आपल्याकडं खड्ड्यांचं कामबी येळंत व्हत न्हाय."

आज रविवार. पट्टी बेचाळीसवर आहे.